ई. एम. फॉर्स्टर : एका कादंबरीचा अज्ञातवास

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
– ई. एम. फॉर्स्टर यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील;
– ‘मॉरिस’ या कादंबरीची निर्मिती आणि तिच्या प्रकाशनाला लागलेला विलंब यांची कारणे स्पष्ट करता येतील;
– फॉर्स्टर यांचा देवास संस्थानाशी असलेला संबंध आणि त्याचे त्यांच्या लेखनातील पडसाद यांविषयी विवेचन करता येईल;
– समलिंगी तरुण पात्रांच्या कथनात शेवटाला असलेले महत्त्व मराठी साहित्यकृतींच्या आधारे पडताळून पाहता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, कादंबरीचा अभ्यास करताना आपण सपाट पात्रे आणि गोलाकार पात्रे असा भेद करतो. गोष्ट आणि कथानक यांतील फरकही आपण शिकतो. मराठी समीक्षेत रुळलेल्या या दोन्ही कल्पना १९२७ साली केंब्रिज येथे दिलेल्या एका व्याख्यानमालेतून प्रसृत झाल्या. ती व्याख्याने देणारे लेखक म्हणजे एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्यांचे नाव अनेकदा येते, परंतु त्यांच्या जीवनाविषयी आपल्याला फारशी माहिती नसते.

कादंबरीची घडण कशी असते हे जगाला समजावून सांगणाऱ्या या लेखकाच्या कपाटात त्या वेळी स्वतःची एक पूर्ण झालेली कादंबरी पडून होती. तिचे नाव ‘मॉरिस’. एका तरुणाचे दुसऱ्या तरुणावरील प्रेम हा तिचा विषय. ती १९१४ साली लिहून पूर्ण झाली आणि १९७१ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. मधली ५७ वर्षे ती अज्ञातवासात होती.

समलिंगी, उभयलिंगी किंवा पारलिंगी तरुण व्यक्तिरेखा मध्यवर्ती असलेल्या कादंबऱ्या आज अनेक भाषांत लिहिल्या जातात. किशोर आणि तरुण वाचकांसाठीच्या साहित्याची ती एक स्वतंत्र शाखा बनली आहे. मराठीत ही शाखा अजून लहान आहे. तिच्याकडे पाहताना एक प्रश्न सतत समोर येतो : अशा पात्राच्या वाट्याला लेखक कोणता शेवट देतो? फॉर्स्टर यांचे जीवन या प्रश्नाभोवतीच समजून घेता येते. पनवेलजवळच्या ओवे गावात, नोकरी आणि घर सांभाळून हा घटक वाचणाऱ्या विद्यार्थ्याला केंब्रिज फार दूरचे वाटेल. परंतु या लेखकाच्या आयुष्यातील एक महत्त्वाचे पर्व एका मराठा राजाच्या पदरी, गोकुळअष्टमीच्या टाळ-मृदंगात गेले आहे, हे ध्यानात ठेवावे.

बालपण आणि शिक्षण

फॉर्स्टर यांचा जन्म १ जानेवारी १८७९ रोजी लंडन येथे झाला. वडील वास्तुरचनाकार होते. मुलगा दोन वर्षांचा होण्याआधीच क्षयाने त्यांचे निधन झाले. मुलाचे नाव हेन्री ठेवायचे ठरले होते, पण नामकरणाच्या वेळी झालेल्या गोंधळात वडिलांचेच नाव त्याला मिळाले, अशी हकीकत सांगितली जाते. आई लिली हिने त्याला एकटीने वाढवले. आई आणि मुलगा यांचे सहजीवन तिच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९४५ पर्यंत चालले. मुलाच्या लेखनाचा तिला अभिमान होता. परंतु आपल्या अंतरंगातील सर्वांत मोठी गोष्ट त्याला तिच्यापाशी कधीच बोलता आली नाही.

वडिलांच्या मावशीने मृत्युपत्राद्वारे ८,००० पौंड ठेवले होते. या रकमेमुळे फॉर्स्टर यांना शिक्षण, प्रवास आणि लेखन या तिन्ही गोष्टी पोटाची चिंता न करता करता आल्या. त्यांचे बालपण हर्टफर्डशायर परगण्यातील रूक्सनेस्ट या घरात गेले. पुढे ‘हॉवर्ड्‌स एंड’ या कादंबरीतील घर त्यांनी याच घरावरून रेखाटले. टनब्रिज येथील शाळेचे दिवस मात्र त्यांना जाचक वाटले. दांडगाई आणि खेळातील पराक्रम यांनाच मान देणाऱ्या त्या शाळेत हा हळवा मुलगा रमला नाही.

१८९५ साली प्रसिद्ध नाटककार ऑस्कर वाइल्ड यांना समलिंगी संबंधांच्या आरोपावरून दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. तेव्हा फॉर्स्टर १६ वर्षांचे होते. इंग्लंडमध्ये १८८५ च्या एका कायद्याने पुरुषांमधील अशा संबंधांना, ते खासगी असले तरी, गुन्हा ठरवले होते. या कायद्याच्या छायेत त्यांची पिढी वयात आली.

१८९७ मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांना मोकळा श्वास घेता आला. गोल्ड्सवर्दी लोज डिकिन्सन यांच्यासारखे प्राध्यापक आणि ह्यू मेरेडिथ यांच्यासारखा मित्र त्यांना लाभला. धर्मश्रद्धेपासून ते दूर झाले. मैत्री हे मूल्य त्यांच्या विचारात केंद्रस्थानी आले, ते कायमचे.

चार कादंबऱ्या आणि एक मित्र

१९०५ ते १९१० या काळात फॉर्स्टर यांच्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या : ‘व्हेअर एंजल्स फिअर टु ट्रेड’ (१९०५), ‘द लाँगेस्ट जर्नी’ (१९०७), ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ (१९०८) आणि ‘हॉवर्ड्‌स एंड’ (१९१०). शेवटच्या कादंबरीने त्यांना मोठी कीर्ती दिली. वयाच्या ३१ व्या वर्षी ते इंग्रजीतील अग्रगण्य कादंबरीकार मानले जाऊ लागले.

मात्र याच सुमारास त्यांना लेखनाचा कंटाळा येऊ लागला. प्रकाशकांना आणि वाचकांना स्त्री-पुरुषांच्या प्रेमाची व विवाहाची कथा हवी होती. या विषयावर आपल्याला जे सांगायचे होते ते सांगून झाले, आणि जे सांगावेसे वाटते ते छापता येत नाही, अशी त्यांची कोंडी झाली. त्यांची ही अवस्था डायरीतील नोंदींवरून अभ्यासकांना उमगली आहे.

१९०६ साली फॉर्स्टर यांच्याकडे लॅटिन शिकण्यासाठी एक भारतीय विद्यार्थी आला. त्याचे नाव सय्यद रॉस मसूद. अलीगढचे सर सय्यद अहमद खान यांचा हा नातू. उमदा, हजरजबाबी आणि स्नेहाळ. फॉर्स्टर त्याच्या प्रेमात पडले आणि काही वर्षांनी त्यांनी ते त्याला सांगितलेही. मसूदला त्या अर्थाचे प्रेम वाटत नव्हते. परंतु त्याने हा स्नेह तोडला नाही. १९३७ मध्ये मसूदचे निधन होईपर्यंत ही मैत्री टिकली. मसूदच्या ओढीनेच फॉर्स्टर १९१२ च्या ऑक्टोबरात भारतात आले. या सहा महिन्यांच्या प्रवासात त्यांनी अलीगढ, दिल्ली, लाहोर, बांकीपूर अशी अनेक ठिकाणे पाहिली. नाताळच्या सुमारास ते माळव्यातील देवास या छोट्या संस्थानात पाहुणे म्हणून राहिले. तेथील राजाशी त्यांचा परिचय झाला, तो आठ-नऊ वर्षांनी पुढच्या वळणाला कारण ठरला.

मिलथॉर्पची भेट

भारतातून परतल्यानंतर, १९१३ च्या सप्टेंबरात फॉर्स्टर एडवर्ड कार्पेंटर या विचारवंताला भेटायला गेले. कार्पेंटर समाजवादी होते. शेफील्डजवळच्या मिलथॉर्प या खेड्यात जॉर्ज मेरिल या कष्टकरी वर्गातून आलेल्या जोडीदाराबरोबर ते उघडपणे एकत्र राहत होते. दोन पुरुषांचा असा साधा, स्थिर संसार फॉर्स्टर यांनी डोळ्यांनी पाहिला. हे शक्य आहे, ही जाणीव त्यांना हादरवून गेली. परतल्याबरोबर त्यांनी लेखन सुरू केले. वर्षभराच्या आत ‘मॉरिस’ पूर्ण झाली.

नायक म्हणून फॉर्स्टर यांनी स्वतःसारखा हळवा, पुस्तकी तरुण निवडला नाही. मॉरिस हॉल हा मध्यमवर्गीय, खेळाडू वृत्तीचा, बेताच्या बुद्धीचा, शेअरबाजारात रमणारा तरुण आहे. चारचौघांसारखा असलेला हा माणूस एका बाबतीत मात्र वेगळा आहे. या निवडीमागे लेखकाची भूमिका आहे : हा अनुभव कलावंतांच्या किंवा विक्षिप्तांच्या वाट्यालाच येतो, हा समज त्यांना मोडायचा होता.

कथानक आणि शब्दांचा अभाव

कादंबरीची सुरुवात मॉरिस चौदा वर्षांचा असताना होते. शाळा सोडताना एक शिक्षक त्याला समुद्रकाठी नेतात आणि वाळूवर आकृत्या काढून स्त्री-पुरुष संबंधांची माहिती देतात. थोडे पुढे गेल्यावर आकृत्या पुसायच्या राहिल्या हे आठवून त्यांची तारांबळ उडते. मुलाला कळते ते एवढेच, की मोठी माणसे खोटे बोलतात. त्याच्या मनात जे आहे त्याचा या आकृत्यांशी काहीच संबंध नसतो.

केंब्रिजमध्ये मॉरिसला क्लाइव्ह डरहॅम भेटतो. ग्रीक तत्त्वज्ञान वाचलेला क्लाइव्ह प्रथम प्रेम व्यक्त करतो, पण ते विचारांच्या पातळीवरच राहावे असा त्याचा आग्रह असतो. पुढे तो या नात्यातून माघार घेतो, विवाह करतो आणि जमीनदाराच्या प्रतिष्ठित आयुष्यात स्थिरावतो. एकटा पडलेला मॉरिस ओळखीच्या डॉक्टरकडे जातो, तेव्हा डॉक्टर हा विषय ऐकूनच घेत नाहीत. मग तो संमोहनाचा उपचार करून पाहतो. त्याचाही उपयोग होत नाही. शेवटी क्लाइव्हच्याच इस्टेटीवर काम करणारा ॲलेक स्कडर हा तरुण त्याच्या आयुष्यात येतो. शिकारीच्या रानाची राखण करणारा हा नोकर माणूस. दोघांमध्ये वर्गभेदाचा संशय आहे, धमकी आहे, भीती आहे. तरीही अखेरीस ॲलेक परदेशी जाणारी बोट सोडतो, मॉरिस आपली प्रतिष्ठा सोडतो आणि दोघे एकत्र राहण्याचा निर्णय घेतात.

भाषेच्या अभ्यासकाने डॉक्टरांचा प्रसंग विशेष लक्षपूर्वक वाचावा. आपण कोण आहोत हे सांगण्यासाठी मॉरिसकडे शब्दच नाही. शिक्षा झालेल्या ऑस्कर वाइल्ड यांचे नाव घेऊन तो आपली ओळख करून देतो. एखाद्या समूहाला स्वतःसाठी तटस्थ शब्द उपलब्ध नसेल, तर त्याला न्यायालयाचा किंवा शिवीचा शब्द उसना घ्यावा लागतो. मराठीतही ‘समलिंगी’ हा घडवलेला शब्द रुळण्याआधी बोलीत जे शब्द होते, त्यांत हेटाळणीच्या शब्दांचा भरणा होता. मनातल्या गोष्टीला शरमेवाचून उच्चारता येईल असे नाव मिळणे, ही मोकळेपणाकडे जाणारी पहिली पायरी होय. साहित्य हे काम करते.

कादंबरीचा शेवट सुखाचा आहे. या विषयावरील कथेत नायकाने आत्महत्या करावी किंवा त्याला शिक्षा व्हावी, अशी त्या काळाची अपेक्षा होती. तसे झाले असते तर ती बोधकथा म्हणून कदाचित खपूनही गेली असती. फॉर्स्टर यांना ते मान्य नव्हते. निदान कल्पित साहित्यात तरी दोन पुरुषांनी प्रेमात पडावे आणि ते प्रेम टिकावे, हा त्यांचा आग्रह होता. या आग्रहामुळेच हस्तलिखित छापण्याजोगे राहिले नाही, कारण गुन्हा करूनही पात्रांना शासन होत नव्हते. त्यांनी ते निवडक स्नेह्यांना वाचायला दिले. समीक्षक लिटन स्ट्रेची यांनी हे नाते फार काळ टिकणार नाही असे मत दिले. तरी फॉर्स्टर यांनी शेवट बदलला नाही. काही वर्षांनंतरचे, लाकूडतोडे बनलेल्या त्या दोघांचे दर्शन घडवणारे एक उपसंहाराचे प्रकरण मात्र त्यांनी पुढे काढून टाकले.

देवास : मराठी दरबारातील इंग्रज चिटणीस

पहिल्या महायुद्धाच्या काळात फॉर्स्टर रेडक्रॉसचे काम करण्यासाठी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे राहिले. तेथे मोहम्मद अल् अद्ल या ट्राम-वाहकाशी त्यांचे प्रेमाचे नाते जुळले. १९२२ मध्ये क्षयाने त्याचा मृत्यू झाला. हा घाव त्यांना दीर्घकाळ सलत राहिला.

त्याआधी, १९२१ च्या मार्चमध्ये, ते देवास थोरली पाती या संस्थानच्या महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून पुन्हा भारतात आले आणि सुमारे सहा महिने तेथे राहिले. देवासला पवार घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पात्या होत्या. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव पवार हे राजर्षी शाहू महाराजांचे जावई होते, मात्र तो विवाह टिकला नाही. त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव पुढे १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि छत्रपती शहाजी महाराज झाले. फॉर्स्टर यांच्या चरित्राचा महाराष्ट्राच्या इतिहासाशी जुळणारा धागा हा असा आहे.

राजवाड्याचे अर्धवट बांधकाम, बागा, मोटारी आणि कधीच न जुळणारे हिशेब यांत नव्या चिटणिसाचा दिवस जाई. पावसाळ्यात गोकुळअष्टमीचा उत्सव आला. अनेक दिवस चाललेल्या त्या सोहळ्यात महाराज स्वतः गळ्यात वाद्य अडकवून देवापुढे नाचत, भजने गात. नास्तिक फॉर्स्टर अनवाणी पायांनी त्यात वावरले. त्यांना तो गोंगाट पुरता समजला नाही, पण उच्च-नीच विसरायला लावणारा त्यातील आनंद त्यांना जाणवला. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीचा तिसरा भाग या उत्सवावर उभा आहे. त्यातील नारायण गोडबोले या मराठी आडनावाच्या प्राध्यापकाच्या तोंडी तुकोबांचा धावा आहे. इंग्रजीतील या विख्यात कादंबरीत देहूच्या वाण्याचे नाव आले, ते देवासच्या वाटेने.

देवास येथील वास्तव्याची एक बाजू फॉर्स्टर यांनी हयातीत प्रकाशित केली नाही. ‘द हिल ऑफ देवी’ हे देवासच्या आठवणींचे पुस्तक १९५३ मध्ये निघाले, त्यात ती नाही. १९८३ मध्ये उजेडात आलेल्या टिपणात ती आहे. आपल्या समलिंगी आकर्षणाविषयी फॉर्स्टर यांनी महाराजांना विश्वासात घेऊन सांगितले. त्या काळच्या इंग्लंडात हे सांगितल्यावर तुरुंग दिसला असता. महाराजांनी त्यांचा धिक्कार केला नाही, उलट मित्राच्या काळजीने वागले. परंतु पुढे राजवाड्यातील एका न्हाव्याशी जे संबंध आले, त्यांत फॉर्स्टर धनी होते आणि तो चाकर. आपण त्याच्याशी क्रूरपणे वागलो, सत्तेची चटक आपल्यालाही लागली, हे त्या टिपणात लेखकाने लपवलेले नाही. ‘मॉरिस’मध्ये वर्गभेद ओलांडणारे प्रेम रंगवणाऱ्या लेखकाला वसाहतीतील प्रत्यक्ष व्यवहारात तो भेद ओलांडता आला नाही. चरित्र वाचताना ही विसंगती नजरेआड करू नये.

‘अ पॅसेज टु इंडिया’ मसूद यांना अर्पण केलेली आहे. तिच्या अखेरीस डॉ. अझीझ आणि फील्डिंग हे दोन मित्र घोड्यांवरून जात असताना एकमेकांजवळ येऊ पाहतात, पण वाट त्यांना वेगळे करते. या प्रकाशित कादंबरीत दोन पुरुषांच्या जवळिकीला परिस्थिती नकार देते. कपाटातल्या कादंबरीत मात्र तिला होकार मिळालेला होता. दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचले, तर लेखकाला उघडपणे काय लिहिता येत होते आणि काय नाही, याचा अंदाज येतो.

मौनाची किंमत

१९२४ नंतर फॉर्स्टर यांची एकही नवी कादंबरी प्रसिद्ध झाली नाही. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते आणि आणखी ४६ वर्षे जगले. निबंध, व्याख्याने, चरित्रे, आकाशवाणीवरील भाषणे हे लेखन चालू राहिले, कादंबरी थांबली. या मौनाची अनेक कारणे सांगितली जातात. परंतु ज्या विषयावर लिहावेसे वाटते तो निषिद्ध आणि जो मान्य त्यात रस उरलेला नाही, ही कोंडी त्यांत प्रमुख होती.

कादंबरीकार गप्प झाला तरी नागरिक गप्प बसला नाही. १९२८ मध्ये रॅडक्लिफ हॉल यांच्या ‘द वेल ऑफ लोनलीनेस’ या, एका स्त्रीच्या समलिंगी प्रेमाचे चित्रण करणाऱ्या कादंबरीवर खटला झाला. फॉर्स्टर आणि व्हर्जिनिया वुल्फ यांनी तिच्या बाजूने आवाज उठवला आणि साक्ष देण्याची तयारी दाखवली. न्यायाधीशांनी अशा साक्षी ऐकून घेतल्या नाहीत आणि प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. ती कादंबरी तर दुःखान्त होती, तिच्यात उघड शृंगारही नव्हता. दुःखान्ताची ही गत झाली, तर सुखान्ताचे काय झाले असते हे फॉर्स्टर यांना निराळे सांगायची गरज नव्हती.

१९३४ मध्ये नागरी स्वातंत्र्यासाठी स्थापन झालेल्या ब्रिटिश परिषदेचे ते पहिले अध्यक्ष झाले. मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ ही कादंबरी अनेक प्रकाशकांनी नाकारली होती. १९३५ मध्ये ती फॉर्स्टर यांच्या प्रस्तावनेसह निघाली. ज्याला बोलू दिले जात नाही त्याच्या पुस्तकाला वाट करून देण्याचे काम त्यांनी दुसऱ्यांसाठी निष्ठेने केले. १९४५ मध्ये जयपूर येथील लेखक-परिषदेसाठी ते तिसऱ्यांदा भारतात आले. १९४९ मध्ये त्यांनी ‘सर’ हा किताब नाकारला. १९६० मध्ये ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’च्या खटल्यात वयाच्या ८१ व्या वर्षी ते बचाव पक्षाचे साक्षीदार होते.

खासगी जीवनात त्यांना १९३० पासून बॉब बकिंगहॅम या पोलिसाचा दीर्घ सहवास लाभला. बॉबच्या पत्नीशीही पुढे त्यांचा स्नेह जुळला. आईच्या निधनानंतर किंग्ज कॉलेजने त्यांना राहायला जागा दिली. ७ जून १९७० रोजी कॉव्हेंट्री येथे बकिंगहॅम यांच्या घरी त्यांचे निधन झाले.

अज्ञातवासाचा शेवट

फॉर्स्टर ‘मॉरिस’चे हस्तलिखित अधूनमधून बाहेर काढून त्यात सुधारणा करीत राहिले. १९६० मध्ये त्यांनी तिला एक टिपण जोडले. १९५७ मध्ये एका सरकारी समितीने प्रौढांमधील खासगी समलिंगी संबंध गुन्हा मानू नयेत अशी शिफारस केली होती. १९६७ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये तसा कायदा झाला, आणि तो २१ वर्षांवरील पुरुषांपुरता होता. तोवर लेखक ८८ वर्षांचे झाले होते. तरीही त्यांनी कादंबरी छापली नाही. १९७१ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा काही समीक्षकांना ती जुनाट वाटली. तिच्यातील स्त्री-पात्रे पुसट आहेत, हा आक्षेपही योग्य आहे. सुखाचा शेवट गाठण्यासाठी नायकांना समाजाबाहेर, रानात जावे लागते, हीदेखील तिची मर्यादा म्हणता येईल. पण १९१४ च्या इंग्लंडमध्ये नायकांना रानाखेरीज दुसरा आसरा लेखकाला सुचावा तरी कसा?

१९८७ मध्ये या कादंबरीवर चित्रपट निघाला. त्याचे निर्माते इस्माइल मर्चंट हे मूळचे मुंबईचे.

मराठीच्या संदर्भात

भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ हे १८६० च्या दंडसंहितेतील, म्हणजे इंग्रजी राजवटीचीच देणगी. इंग्लंडने आपला कायदा १९६७ मध्ये बदलला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील परस्परसंमतीचे संबंध या कलमातून वगळले.

पौगंडावस्थेतील प्रेम मराठी कादंबरीला परके नाही. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’मध्ये नववीतल्या मुलाचे एका मुलीवरील प्रेम आपण समरसून वाचले. मात्र ज्याच्या मनात मुलीऐवजी मुलगा आहे, अशा नववीतल्या मुलाला आपली कथा शोधूनही सापडत नसे. विजय तेंडुलकर यांनी ‘मित्राची गोष्ट’ या १९८१ च्या नाटकात कॉलेजात शिकणाऱ्या सुमित्राचे दुसऱ्या मुलीवरील प्रेम धीटपणे रंगभूमीवर आणले. मराठी साहित्यातील हा महत्त्वाचा टप्पा आहे. पण मित्राचा शेवट आत्मनाशात होतो. तेंडुलकरांचा रोख समाजाच्या क्रौर्यावर आहे, हे उघडच आहे. तरीही प्रेक्षागृहात बसलेल्या एखाद्या मित्राने आपल्यापुढे कोणती वाट आहे असे समजावे, हा प्रश्न उरतो.

बिंदुमाधव खिरे यांच्या ‘पार्टनर’ने समलिंगी तरुणाचे जगणे साध्या, थेट भाषेत मांडले. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मध्ये पुण्यातील एका घरातले भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरू तरुणाच्या प्रेमात पडतात. तो दोघांनाही सोडून जातो. येथे भावाचे आणि बहिणीचे दुःख एकाच मापाने मोजलेले आहे. प्रेमभंग होतो, पण त्याचे कारण प्रेम समलिंगी आहे हे नाही. प्रेम म्हटले की भंग आलाच, तसा तो आहे. फॉर्स्टर यांना जी समानता सुखाच्या शेवटातून साधायची होती, ती या कादंबरीने दुःखाच्या वाटणीतून साधली, असे म्हणता येईल.

यावरून प्रत्येक कादंबरी गोडच संपावी असा नियम काढायचा नाही. प्रश्न पर्यायांचा आहे. स्त्री-पुरुष प्रेमाच्या कथांत वाचकाला सर्व प्रकारचे शेवट मिळतात, म्हणून त्यातील एखादी शोकान्तिका त्याला आपले प्राक्तन वाटत नाही. ज्याला एकाच प्रकारचा शेवट पुन्हा पुन्हा वाचायला मिळतो, तो त्याला नियती समजू लागतो.

समारोप

फॉर्स्टर यांनी हयातीत पाच कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या आणि सहावी मागे ठेवली. ती छापून घेण्यासाठी शेवट बदलण्याचा मार्ग त्यांच्यापुढे होता, तो त्यांनी स्वीकारला नाही. धोका पत्करून छापण्याचा मार्गही त्यांनी स्वीकारला नाही. आई, मित्र आणि जोडीदार यांच्यावर येऊ शकणारे संकट त्यांना दिसत होते. या सावधपणाला भीती म्हणावे की जबाबदारी, यावर अभ्यासकांत मतभेद संभवतात, आणि आपणही आपले मत कारणांसह मांडावे. मात्र १९१४ मधल्या ज्या विशीतल्या वाचकासाठी ही कादंबरी लिहिली गेली, तो १९७१ मध्ये हयात असलाच तर सत्तरी ओलांडून गेलेला होता. त्याला ती वेळेवर मिळाली नाही. या विलंबाचा हिशेब साहित्याच्या इतिहासात कायद्याच्या नावावर मांडावा लागतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘मॉरिस’ ही कादंबरी लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध का होऊ शकली नाही? तिच्या शेवटाच्या संदर्भात सविस्तर लिहा.
२. देवास येथील अनुभवाचा ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीवर झालेला परिणाम स्पष्ट करा.
३. मॉरिसकडे स्वतःविषयी बोलण्यासाठी शब्द नसतो. या प्रसंगाच्या आधारे भाषा आणि ओळख यांच्या संबंधावर टीप लिहा.
४. ‘मित्राची गोष्ट’ आणि ‘कोबाल्ट ब्लू’ यांपैकी एक कृती मिळवून वाचा. तिच्या शेवटाची ‘मॉरिस’च्या शेवटाशी तुलना करा.
५. फॉर्स्टर यांचे मौन आपल्याला समर्थनीय वाटते काय? सकारण उत्तर द्या.